गाडी मी घेतली, आरसी मित्राची, लायसन्स लर्निंग: एवढ्यावर चालतं का?

प्रश्न ज्यांनी विचारलाय त्यांची परिस्थिती आधी थोडक्यात सांगते, म्हणजे बाकीच्यांनाही पुढचं नीट लागेल. हे लातूरकडचे, वय २४, धायरीत राहतात, नोकरी हिंजवडीत. रूममेट बेंगळुरूला गेला तेव्हा त्याची बाइक यांनी ३८ हजाराला घेतली, १५० सीसीच्या आतली, ऑगस्ट २०१९ ची, एमएच १२ पासिंग. पैसे ऑनलाइन टाकले, मित्रानं टीटीओ फॉर्मवर, म्हणजे गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्मवर, सह्या करून दिल्या आणि तो गेला. आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, अजून मित्राच्याच नावावर, यांच्याकडे तिची फक्त झेरॉक्स. इन्शुरन्स मित्रानं रिन्यू केलेला, "चालू आहे" म्हणतात. आरसीवर बँकेचं नाव आहे पण लोन फिटलंय. स्वतःचं लायसन्स लर्निंग, त्याला चार महिने झाले. रोज सकाळी बहिणीला कर्वेनगरला कॉलेजला सोडून पुढे ऑफिस. आणि विचारलंय काय, तर चौकात ट्रॅफिकवाल्यांनी थांबवलं तर यातलं काय काय दाखवायचं आणि एवढं पुरेल का.

मी २१ वर्षं पुण्यात आरटीओची आणि गाड्यांच्या इन्शुरन्सची कामं करते, आधी वडील करायचे, मी त्यांच्या हाताखाली शिकले. चौकाचं उत्तर देतेच, पण तुमचा खरा प्रश्न चौकातला नाहीये. चौकात फार तर दंड होईल, हजार दोन हजार पाच हजार, वाईट वाटेल आणि आपण विसरून जाऊ. गाडी घसरली, कुणाला लागलं, तुम्हाला लागलं, मागे बसलेल्या बहिणीला लागलं, त्या दिवशी हे कागद काढून बघितले जाणार आहेत आणि त्या दिवशी फक्त एकच गोष्ट बघतात, कुठल्या कागदावर नाव कुणाचं आहे. तुमच्याकडे आज गाडीचे जेवढे कागद आहेत त्यातल्या एकावरही तुमचं नाव नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी चौकातलं उरकते. दुचाकी रस्त्यावर आणायला चार कागद लागतात, लायसन्स, आरसी, इन्शुरन्स आणि पीयूसी म्हणजे धूर तपासणीचं सर्टिफिकेट. ओरिजनल जवळ बाळगा नाहीतर डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ॲपमध्ये असू द्या, ते कायद्यानं ओरिजनलसारखंच धरलं जातं. पण मोबाइलमध्ये काढलेला फोटो, व्हॉट्सॲपवर आलेली पीडीएफ, झेरॉक्स, हे त्यात मोडत नाही, पोलिसानं समजून घेतलं तर त्याचा चांगुलपणा. आणि इथे तुमची पहिली अडचण, डिजिलॉकरमध्ये आरसी काढायला नाव आधारशी जुळावं लागतं, गाडी मित्राच्या नावावर म्हटल्यावर ती तुमच्या डिजिलॉकरमध्ये यायची नाही. मित्राची गाडी चालवणं गुन्हा नाही हेही सांगून ठेवते, लायसन्स पक्कं असेल, त्याची परवानगी असेल, कागद चालू असतील तर कुणीही कुणाची बाइक चालवू शकतो. पण तुम्ही ती विकत घेतलीय, पैसे दिलेत, ताबा घेतलाय, मग तिचा हिशोब वेगळा होतो.

आता लायसन्स, कारण हे सगळ्यात आधी करायचंय. लर्निंग लायसन्स सहा महिने चालतं, एक महिना झाला की पक्क्यासाठी टेस्ट देता येते. तुमचे चार महिने गेले म्हणजे हातात दोन उरलेत. लर्निंगवर बाइक चालवायची तर पुढे मागे लाल अक्षरातला एल पाहिजे आणि मागे कुणाला बसवायचं नाही, फक्त शिकवणारा, ज्याच्याकडे स्वतःचं पक्कं लायसन्स आहे तो बसला तर चालतो. म्हणजे बहिणीला कॉलेजला सोडणं हे आज नियमात बसत नाही. हे मी दंडासाठी सांगत नाहीये. कुठलीही मोटार पॉलिसी उघडा, त्यात ड्रायव्हरबद्दल एक परिच्छेद असतो, लर्निंगवाला चालवू शकतो पण केंद्रीय मोटार वाहन नियमातला नियम ३ पाळला पाहिजे, आणि नियम ३ म्हणजे नेमकं हेच, एल आणि मागे कोण बसलंय. लर्निंग हेही लायसन्सच आहे हे सुप्रीम कोर्टानं २००४ च्या स्वर्णसिंग निकालात म्हटलंय, त्यामुळे समोरच्या जखमी माणसाला सहसा भरपाई मिळते. पण अट मोडलेली दिसली की कंपनी वाद घालते आणि कधी कधी कोर्ट सांगतं की आधी कंपनीनं भरावं आणि मग मालकाकडून वसूल करावं. मालक म्हणजे आरसीवर ज्याचं नाव आहे तो, म्हणजे तुमचा बेंगळुरूचा मित्र.

लायसन्सबद्दल अजून एक, तुम्ही लर्निंग काढताना वर्ग कुठला निवडलाय ते बघा. विथ गिअर आणि विदाउट गिअर असे दोन वेगळे असतात. माझ्याकडे अशी मुलं येतात ज्यांनी कॉलेजात असताना स्कूटीसाठी विदाउट गिअर काढलं आणि आता त्याच लायसन्सवर गिअरची बाइक पळवतायत, त्यांना वाटतं लायसन्स आहे, पण त्या गाडीपुरतं ते नाहीच. टेस्टला गाडी आपली न्यावी लागते, गिअरची, आणि तिचा इन्शुरन्स आणि पीयूसी चालू असावं लागतं, म्हणजे तुमचे कागद एकमेकांत अडकलेत हे लक्षात घ्या. टेस्टमध्ये आठ काढायला लावतात, पाय टेकवायचा नाही, हळू क्लचवर घ्यायची, आदल्या दिवशी मोकळ्या जागेत अर्धा तास काढलात तर जमतं.

आता इन्शुरन्स, आणि इथे मी जरा थांबणार आहे.

२०२१ मध्ये एक बाई माझ्याकडे आल्या. मेडिकलच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद घेऊन. नवऱ्यानं नात्यातल्या एकाकडून बाइक घेतली होती, व्यवहार घरातलाच म्हणून कागदाची घाई कुणाला नव्हती. नवले पुलाच्या पुढे उतारावर पावसात घसरली, दुसरी गाडी नव्हतीच, कुणी धडक दिली नाही, एकटाच पडला आणि गेला. मी पिशवी टेबलावर रिकामी केली. त्यात फॉर्म ३०, म्हणजे गाडी नावावर करून घ्यायचा अर्ज होता. विकणाऱ्याची सही होती, घेणाऱ्याची सही होती, पासपोर्ट फोटो चिकटवलेला होता, स्टेपलरची पिन गंजून कागदावर तांबूस डाग पडला होता. फक्त तारखेची जागा कोरी होती. अडीच वर्षं तो फॉर्म कपाटात पडून होता. पॉलिसीत ओनर ड्रायव्हरचं १५ लाखांचं कव्हर होतं, हप्ता भरलेला होता, पॉलिसी चालू होती. पण ते कव्हर ज्याचं नाव आरसीवर आणि पॉलिसीवर आहे त्याला असतं, आणि दोन्हीकडे नाव त्या नातेवाइकाचं होतं, जो घरी धडधाकट होता. मी कंपनीला पत्रं लिहिली, एका वकिलांना बसवून विचारलं, काही झालं नाही. बाईंना एक रुपया मिळाला नाही. अपघात दुसऱ्याच्या गाडीमुळे असता तर मोटार अपघात भरपाईच्या ट्रिब्युनलमध्ये तरी जाता आलं असतं. त्या दिवसापासून माझ्या टेबलवर कुणी कोरा सही केलेला फॉर्म ठेवला की मी त्याला तसा घरी जाऊ देत नाही, तारीख टाकायला लावते आणि त्याच आठवड्यात अर्ज भरून घेते.

हे कव्हर नीट समजून घ्या. पर्सनल ॲक्सिडेंट, ओनर ड्रायव्हर असं पॉलिसीवर लिहिलेलं असतं. २०१८ च्या शेवटापर्यंत दुचाकीला ते फक्त १ लाख होतं, मग १५ लाख झालं. मृत्यू झाला तर पूर्ण, एक हात किंवा पाय किंवा डोळा गेला तर अर्धं, चूक कुणाची हे बघत नाहीत, एकटे घसरून पडलात तरी मिळतं. त्याला तीन गोष्टी लागतात, गाडी तुमच्या नावावर, पॉलिसी तुमच्या नावावर, आणि चालवण्याचं वैध लायसन्स. हप्ता वर्षाला काहीशे रुपयांचा असतो. पण ऑनलाइन पॉलिसी काढताना एक बारीक चौकोन येतो, "माझ्याकडे आधीच असं कव्हर आहे", लोक पैसे वाचवायला त्यावर टिक करतात आणि नसलेलं कव्हर असल्याचं लिहून देतात. खरंच वेगळी १५ लाखांची अपघात पॉलिसी असेल तरच ती टिक करा. तुमच्या मित्रानं काय केलं असेल मला माहीत नाही, आणि त्यानं कव्हर घेतलं असलं तरी ते त्याचंच आहे, तुमचं नाही.

दुसरं, "इन्शुरन्स चालू आहे" म्हणजे कुठला चालू आहे. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला थर्ड पार्टी, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीपुरती पॉलिसी, पाच वर्षांची एकदम घ्यावी लागते, पण गाडीचं स्वतःचं नुकसान, चोरी वगैरे ज्यात येतं तो ओन डॅमेजचा भाग बहुतेक पॉलिसीत एकच वर्षाचा असतो. एकाच कागदावर दोन तारखा असतात आणि लोक मोठी तारीख लक्षात ठेवतात. चोरीला गेल्यावर धावत येतात आणि मला त्यांना दुसरी तारीख दाखवावी लागते. तुमची गाडी ऑगस्ट २०१९ ची, म्हणजे ती पाच वर्षं २०२४ च्या ऑगस्टला संपली, त्यानंतर मित्रानं जे रिन्यू केलं ते थर्ड पार्टीच असण्याची शक्यता मला जास्त वाटते, कारण जुनी गाडी विकायला काढली की सगळे स्वस्तातलंच घेतात. ७५ ते १५० सीसीला थर्ड पार्टीचा हप्ता जून २०२२ पासून ७१४ रुपये आणि वर जीएसटी, पावतीवर एवढाच आकडा असेल तर समजा की बाकी काही नाही.

आणि हे तुमच्यासाठी फार महत्त्वाचं आहे कारण तुम्ही बहिणीला मागे बसवता. नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत मागे बसणारा कव्हर होत नाही. लोकांना वाटतं थर्ड पार्टी म्हणजे मी सोडून सगळे, तसं नाहीये. सुप्रीम कोर्टानं २००६ मध्ये तिलकसिंग केसमध्ये हे स्पष्ट केलं की अशा पॉलिसीत फुकट मागे बसलेल्याची जबाबदारी कंपनीवर येत नाही. पॅकेज म्हणजे कॉम्प्रिहेन्सिव्ह, थर्ड पार्टी आणि ओन डॅमेज दोन्ही असलेली पॉलिसी असेल तर येते. फरक वर्षाला हजार बाराशेच्या आसपास पडेल, गाडीच्या किमतीवर कमी जास्त. माझ्याकडे जो कुणी सांगतो की बायको, बहीण, आई मागे बसते, त्याला मी थर्ड पार्टी विकतच नाही, मग तो दुसरीकडे गेला तरी चालेल.

म्हणजे आजच्या तारखेला पॉलिसी असूनही तुमची परिस्थिती अशी आहे, समोरच्या माणसाला लागलं तर कंपनी बहुधा उभी राहील, कारण मोटार वाहन कायद्याच्या कलम १५७ प्रमाणे गाडी विकली की थर्ड पार्टीपुरती पॉलिसी नव्या मालकाकडे गेली असं धरतात. पण ओन डॅमेज आणि पर्सनल ॲक्सिडेंट तसं आपोआप येत नाही, त्यासाठी १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज करून नाव बदलून घ्यावं लागतं. तुम्हाला लागलं तर काही नाही, बहिणीला लागलं तर थर्ड पार्टीत काही नाही, गाडी चोरीला गेली तर काही नाही.

आता तुमच्या मित्राची बाजू, कारण हे काम त्याच्याशिवाय होणार नाही आणि तो म्हणेल मी तर सही करून दिली, माझं काय. त्याला २०१८ चा नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार हा सुप्रीम कोर्टाचा निकाल सांगा. त्यात गाडी २००७ लाच विकलेली होती, पुढे दोन तीन हातांतून गेली, २००९ ला अपघात झाला, पण आरसीवर नाव पहिल्याचंच होतं आणि कोर्टानं जबाबदार त्यालाच धरलं, जखमी माणसानं एकेका खरेदीदाराच्या मागे का धावायचं असं म्हणून. पॉलिसी चालू नसताना असं झालं तर पैसे त्याच्या खिशातून जातात. शिवाय तुम्ही सिग्नल तोडला की ई-चलान त्याच्या मोबाइलवर, गाडीचा कुणी गैरवापर केला की पहिला फोन त्याला. विकणाऱ्यानं १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, कलम ५०, राज्यातल्या राज्यात. तुमची मुदत उलटून गेली असेल तर थोडा दंड भरा, त्याची भीती बाळगून अजून उशीर करू नका.

ट्रान्सफरला बसण्याआधी बँकेचं नाव काढायचं. लोन फिटलं म्हणजे आरसीवरून बोजा आपोआप उतरत नाही, दहातल्या सात गाड्यांचं काम माझ्याकडे इथेच अडतं. मित्रानं बँकेकडून एनओसी म्हणजे ना हरकत पत्र आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ घ्यायचा, दोन प्रती, बँकेचा सही शिक्का. ही एनओसी बहुतेक बँका ९० दिवसांपुरतीच धरतात, त्यामुळे पूर्वी घेतलेली ड्रॉवरमध्ये असली तर तारीख बघा, नवीन मागवावी लागेल. मग ओरिजनल आरसी. ती मित्राच्या गावच्या घरी असेल तर कुरिअर करायला सांगा, हरवली असेल तर पोलिसांकडे हरवल्याची नोंद करून फॉर्म २६ वर डुप्लिकेट काढायची, तो अर्जही मालकालाच करावा लागतो. झेरॉक्सवर ट्रान्सफर होत नाही.

ट्रान्सफरचे फॉर्म दोन, २९ विकणाऱ्याचा आणि ३० घेणाऱ्याचा. अर्ज परिवहन पोर्टलवर भरायचा, दोघांच्या आधारचे ओटीपी लागतात, मित्र बेंगळुरूला बसून ओटीपी देऊ शकतो, त्यासाठी पुण्याला यायची गरज नाही. पण एक अडचण हमखास येते, गाडी नवीन घेताना शोरूमच्या माणसानं स्वतःचाच मोबाइल नंबर टाकलेला असतो, मालकाला पत्ताच नसतो. तो आधी बघा आणि मित्राचा खरा नंबर अपडेट करून घ्या. सोबत इन्शुरन्स, पीयूसी, दोघांचं पॅन किंवा पॅन नसेल तर फॉर्म ६०, फोटो आणि तुमच्या पत्त्याचा पुरावा. तुमचं आधार लातूरच्या पत्त्याचं असेल तर इथला रजिस्टर्ड भाडेकरार लागेल, नोटरी केलेला नको, लिव्ह अँड लायसन्स रजिस्टर झालेला पाहिजे आणि त्याचे महिने संपलेले नसावेत. पत्ता फ्लॅट नंबरसकट नीट लिहा कारण नवीन आरसीचं स्मार्ट कार्ड स्पीड पोस्टनं घरी येतं, दार बंद दिसलं की परत आरटीओत जातं आणि मग संगम पुलाजवळ रांगेत उभं राहून आणावं लागतं. सरकारी फी म्हणाल तर दुचाकीच्या ट्रान्सफरची १५० आणि स्मार्ट कार्डाचे २००, पोस्टाचे वेगळे, उशिराचा दंड वेगळा. आमच्यासारख्यांकडे दिलंत तर आमची मजुरी वर, पण तुम्ही कॉम्प्युटरवर काम करणारे आहात, तुम्हाला स्वतः जमेल.

चासी नंबरची पेन्सिल प्रिंट हा एक भाग ऑनलाइनच्या जमान्यातही राहिलाय आणि तो मी प्रत्येकाला स्वतः करायला लावते. हँडल पूर्ण डावीकडे वळवा, उजव्या बाजूला हँडलच्या खालची जी जाड उभी नळी असते तिच्यावर नंबर ठोकलेला असतो. ओल्या फडक्यानं धूळ आणि ग्रीस पुसून कोरडं करा. त्यावर मऊ पेन्सिल आडवी धरून घासा, मग पारदर्शक चिकटपट्टी दाबून चिकटवा, नखानं प्रत्येक अक्षरावरून फिरवा आणि एका झटक्यात न काढता हळू सोलून काढा, पट्टीवर १७ अक्षरं उमटलेली असतात, ती फॉर्मवर चिकटवायची. हे करताना एकेक अक्षर आरसीशी ताडून बघा. माझ्याकडे एका मुलाच्या गाडीत आठ आणि बी ची गडबड निघाली होती, शोरूमनं पहिल्या दिवशी चुकीचं टाइप केलेलं, सात वर्षं कुणी बघितलंच नव्हतं, आणि ते दुरुस्त करायला पहिल्या मालकाला शोधत फिरावं लागलं. जुनी गाडी घेणाऱ्यांनी पैसे द्यायच्या आधी हे करावं, इंजिन नंबरही बघावा, आणि गाडीवर किती चलान बाकी आहेत तेही.

तुमच्या गाडीला एचएसआरपी म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर पाटी असणार कारण १ एप्रिल २०१९ नंतरच्या गाड्यांना ती शोरूममधूनच येते. मित्रानं हौसेनं बदलून फॅन्सी पाटी लावली असेल तर आधी एचएसआरपी परत लावून घ्या. त्याआधीच्या गाड्यांना महाराष्ट्रात आता ती बसवावीच लागते, दुचाकीला ४५० आणि जीएसटी, नसेल तर आरटीओ ट्रान्सफर, बोजा उतरवणं असली कामं अडवतं.

आरसी नावावर झाली की त्याच आठवड्यात इन्शुरन्स. जुनी पॉलिसी तुमच्या नावावर करून घ्या किंवा संपत आली असेल तर सरळ तुमच्या नावानं नवीन पॅकेज पॉलिसी घ्या. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, हा मालकाचा असतो, गाडीचा नसतो, त्यामुळे मित्राचा ३५ किंवा ४५ टक्के बोनस तुम्हाला मिळणार नाही, कंपनी तेवढा फरक तुमच्याकडून घेईल, आणि तो चोरून लावून घेऊ नका, क्लेमच्या वेळी तेच कारण होतं.

तर क्रम असा धरा. आज रात्री पक्क्या लायसन्सचा स्लॉट घ्या. उद्या मित्राला फोन करून बँकेची एनओसी, ओरिजनल आरसी आणि मोबाइल नंबर या तीन गोष्टींच्या मागे लावा. बोजा उतरला की ट्रान्सफर, ट्रान्सफर झालं की पॉलिसी. पीयूसी यात कुठेही बसतं, बीएस ४ आणि बीएस ६ गाडीला ते वर्षभर चालतं, पंपावर दहा मिनिटांचं काम आहे, पण विसरू नका, कायद्यात त्याचा दंड १० हजारांपर्यंत आहे. बाकी दंड म्हणाल तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर, आणि महाराष्ट्रात डिसेंबर २०२१ पासून, लायसन्स नसेल तर ५ हजार, इन्शुरन्स नसेल तर २ हजार.

हे सगळं व्हायला महिना दीड महिना लागेल, बँक किती लवकर हलते त्यावर आहे. तोपर्यंतसाठी मित्राकडून एक ताबा पावती लिहून घ्या, गाडी कुठल्या तारखेला किती वाजता दिली, नंबर, चासी, रक्कम, दोघांच्या सह्या. ही पावती म्हणजे मालकी नाही, नोटरी केली तरी नाही, पण कुठल्या दिवसापासून गाडी कुणाच्या हातात होती याला दोघांनाही आधार राहतो.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी दोन गोष्टी. वडील गेल्यावर त्यांची गाडी मुलगा तशीच चालवत राहतो, आठवण म्हणून कुणी हात लावत नाही, मला कळतं ते. पण ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ वर नावावर करायचं असतं, पॉलिसीही बदलायची असते, नाहीतर त्याच गाडीवर मुलगा कुठल्याही कव्हरशिवाय फिरत असतो. आणि जे गाडी डीलरला विकतात त्यांनी पैसे मोजून घरी येऊ नका, १ एप्रिल २०२३ पासून अधिकृत डीलरला गाडी दिल्याची सूचना फॉर्म २९सी वर पोर्टलला जाते आणि मग पुढची जबाबदारी त्याची, त्याची प्रत घेतल्याशिवाय चावी देऊ नका. कोऱ्या टीटीओ फॉर्मवर सही तर कुणालाच नको, भावाला पण नको.

आणि दादा, बहिणीचं. टेस्ट पास होऊन लायसन्स हातात येईपर्यंत तिला पीएमपीनं जाऊ द्या, धायरीहून कर्वेनगरला एखादी बस बदलावी लागली तरी चालेल, अर्धा तास आधी निघेल. नंतर मागे बसवाल तेव्हा पॉलिसीच्या पहिल्या पानावर "पॅकेज" लिहिलंय आणि नाव तुमचं आहे हे बघून घ्या, आणि तिच्यासाठी दुसरं आयएसआयचं हेल्मेट घ्या, तुमच्या ऑफिसात पडलेलं जुनं नको.